डिसेंबरातली अस्वलघंटा

कोत्का, १२ मे

प्रिय ओइवा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच चुलीत घातलं नसशील, तर आधी एवढं सांगते, की नोकी जिवंत आहे. खाते-पिते, वजन अठरा किलो. बाकीचं सावकाश सांगेन. गेल्या अडीच वर्षांत आपण एकमेकांना नाताळचं कार्डसुद्धा टाकलं नाही, त्यामुळे एकदम ‘कसा आहेस’ असं विचारायला मला जड जातंय. मी आपली अहवाल लिहावा तसं लिहिते. तीस वर्षं नगरपालिकेच्या प्रयोगशाळेत पाणी तपासलं, दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं लिहायची सवय उरलेली नाही.

मी अजून त्याच इमारतीत राहते, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही, गुडघा कुरकुरतो, तरी चाललंय. माझ्या खालच्या मजल्यावर आउलिस नावाचा म्हातारा राहतो. जन्मभर इलेक्ट्रिशियन होता, आता पंच्याहत्तरीचा आहे, आणि बायको गेल्यापासून जिन्यात येणाऱ्या-जाणाऱ्याच्या चुका काढणं हाच त्याचा उद्योग. शुक्रवारी तळघरातल्या सौनाच्या वाफेत बसायची त्याची पाळी माझ्या आधी असते आणि तो रोज पाच मिनिटं उशिरा बाहेर पडतो. ‘रोज’ म्हणजे दर शुक्रवारी. बघ, त्याच्याबद्दल लिहितानाही माझं डोकं तापतं. यावरून आमचं सात वर्षं वाजतंय. त्याचं नाव लक्षात ठेव, कारण गेल्या नोव्हेंबरात नोकी त्यालाच चावली.

चावली म्हणजे चांगलीच चावली. डाव्या हाताला चार टाके पडले. दुपारचे साडेचार झाले असतील, बाहेर अंधारलं होतं. आम्ही दोघी जिना उतरत होतो आणि आउलिस बटाट्याची पिशवी घेऊन चढत होता. तिला जाऊ द्यावं म्हणून तो भिंतीला टेकून गप्प उभा राहिला. आमच्या जिन्यातला दिवा एका मिनिटानं आपोआप विझतो, तो नेमका तेव्हा विझला, आणि नोकीनं त्याचा हात धरला. आठ दिवसांत इमारतीच्या समितीचं पत्र आलं. जिन्यात तोंडाला जाळी बांधायची, आणि मेअखेरच्या बैठकीपर्यंत आणखी एक जरी तक्रार आली तरी कुत्री इथे राहणार नाही. आता पाच वर्षांची, भित्री आणि वर चावणारी कुत्री दुसरं कोण घेणार? तुझ्याकडे परत पाठवायचा तर तेव्हा माझ्या लेखी प्रश्नच नव्हता. म्हणजे उरला पशुवैद्य आणि त्याची सुई. तुझ्यापासून लपवत नाही, मी फोन करून वेळसुद्धा विचारून ठेवली होती.

तिच्यासाठी मी हातपाय हलवले नाहीत असं मात्र नाही. उलट फारच हलवले. चर्चच्या सभागृहात मार खाल्लेल्या कुत्र्यांच्या मालकांसाठी एक वर्ग चालायचा, तिथे वर्षभर गेले. पहिल्याच दिवशी उभी राहून सांगितलं, की ही माझ्या भावाची कुत्री, त्यानं हिला मारलंय. तिथल्या बाईंनी शिकवलं, की समोरून जाऊ नका, डोळ्यांत बघू नका, बाजूनं जा, हात खालून न्या, आवाज करू नका. मी ते अक्षरशः पाळलं. दाराची घंटा काढून टाकली. कॉफी दळायचं यंत्र टॉवेलात गुंडाळून चालवायचे. घरात मऊ फेल्टच्या सपाता घालून चालायला लागले, आणि जिन्यात कागद लावला, ‘भित्री कुत्री आहे, कृपया आवाज करू नये’. आपल्या लोकांना गप्प राहायला का सांगावं लागतं? ते आधीपासूनच गप्प होते, आता तर बूट हातात घेऊन जिना चढायला लागले. अख्खी इमारत एका कुत्रीसाठी श्वास धरून वावरत होती. आणि ती दिवसेंदिवस जास्तच दचकत होती. मी बशी खाली ठेवली की उडायची. झोपेत पाठीला हात लावला की किंचाळायची. उन्हाळा आला की सुधारायची, मला वाटायचं माझ्या मायेला गुण आला; नोव्हेंबर उजाडला की पुन्हा पहिले पाढे. दर खेपेला ती दचकली की त्याचं खापर मी तुझ्या डोक्यावर फोडायचे. मनातल्या मनात नव्हे, लोकांसमोर.

तो डिसेंबर तुला आठवत असणारच, पण मला काय दिसलं ते तुला ठाऊक नाही, म्हणून लिहिते. तुझी साठी म्हणून मी दोन दिवस गाडी हाकून उत्सयोकीला आले, राय धान्याच्या पिठाचे कानोले डब्यात भरून. तुमच्याकडे सूर्य उगवायचा बंद होऊन तीन आठवडे झाले होते. दुपारी बारा वाजता तासभर निळसर उजेड, मग पुन्हा काळोख. पहिल्या दिवशी मला एवढंच जाणवलं, की तू घरातल्या घरात कमरेला घंटा बांधून हिंडतोयस, सप्टेंबरात बेरी वेचायला रानात जाताना अस्वलाला चाहूल लागावी म्हणून लावतात तसली पितळी. तू जिथे जाशील तिथे ती खुळखुळायची, आणि ती वाजली की नोकी ताठ व्हायची, कान टवकारायची, जागची हलायची नाही. मी म्हटलं, हिला धाक बसवायला बांधलीय यानं. तुला विचारलं तर तू म्हणालास, ‘असू दे, सवय झालीय.’ तुझ्या शेजाऱ्यानं सांगितलं, की हिला कामोस लागलाय, सूर्य नसला की माणसं उदास होतात तशी ही कुत्री होते, गेल्या हिवाळ्यातही अशीच झाली होती. तू त्यावरही काही बोलला नाहीस. तोंडात मिठाची गुळणी धरून बसायची तुझी जुनी खोड.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या सुमाराला तू अंगणात बर्फ काढायला निघालास. जाड कोट घालायचा म्हणून घंटा काढून खुंटीला अडकवलीस. मी पायरीवर उभी होते. भिंतीवरचं फावडं घ्यायला तू हात वर केलास, नोकी तुझ्या पायाशी होती, आणि ती अशी ओरडली, की मला आजही ते ऐकू येतं. जमिनीला चिकटली आणि तिथेच मुतली. तुझा हात तसाच वर राहिला होता. मला तो हात माहीत होता, ओइवा. आपल्या दोघांनाही तो माहीत आहे. मग मी जे बोलले ते तुला पाठ असेल. ‘अस्वलं झोपलीत. तू कुणाला भिववतोयस?’ असं मी आधी त्या घंटेवरून म्हटलं, आणि तू गप्प राहिलास म्हणून पुढे म्हटलं, ‘तू अगदी बाबांवर गेलास.’ तू फावडं भिंतीला टेकवून ठेवलंस. म्हणालास, ‘मग घेऊन जा तिला.’ बस्स, एवढंच. तिच्या खाण्याची गोणी तू स्वतः माझ्या गाडीत ठेवलीस. निर्दोष माणूस चार शब्द तरी बोलेल, असा हिशोब मी सगळ्या रस्ताभर करत आले.

आता पुन्हा आउलिसकडे येते. चावल्याला तीन दिवस झाले आणि त्यानं बँडेज बांधलेल्या हातानं माझं दार ठोठावलं. शिव्या खायच्या तयारीनं मी दार उघडलं. तो आत आला, खुर्चीवर बसला आणि न मागता कॉफीची वाट बघायला लागला. नोकी दिव्याखाली पडली होती. तिच्याकडे बोट दाखवून म्हणाला, ‘दिवा होता तोवर ही माझ्याकडे बघून शेपूट हलवत होती. दिवा गेला आणि मी नाहीसा झालो. मग तो नाहीसा झालेला माणूस हलला. मीसुद्धा चावलो असतो.’ मी त्याला तुझी कहाणी पुन्हा ऐकवली, मार, धाक, सगळं. त्यानं ऐकून घेतलं आणि कॉफीत तिसरा साखरेचा खडा टाकला. म्हणाला, ‘भावाचं मला काय माहीत? पण हिचे डोळे कुणी तपासलेत का? आणि तू ते मांजरासारखं चालणं आधी बंद कर बाई, परवा कपडे वाळत घालताना तू मागे येऊन उभी राहिलीस तर माझंच काळीज तोंडात आलं.’ त्याच आठवड्यात त्यानं जिन्यातल्या दिव्याचं यंत्र उघडून एका मिनिटाचं दहा मिनिटांचं करून ठेवलं. समितीला अजून पत्ता नाही, आणि तूही कुठे बोलू नकोस; अर्थात तुला हे सांगायची गरज नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरणीकडे जानेवारीत नंबर लागला. तरणी पोर होती, पण काम नेटकं. तिनं आधी नोकीच्या डोळ्यांपुढून कापसाचे बोळे टाकले. उजेडात नोकीनं त्यांच्यामागे मान वळवली. मग दिवे मंद केले, तर बोळा नाकावर पडेपर्यंत तिला पत्ता नाही. व्हरांड्यात वाटेत चार खुर्च्या ठेवल्या होत्या. उजेडात नोकी त्यांच्यामधून सरळ गेली, अंधारात चारही खुर्च्यांवर आपटली आणि मधेच उभी राहून थरथरायला लागली. डोळ्यांच्या आतल्या पडद्याचा आजार आहे, जन्मजात रक्तातून आलेला. सुरुवातीला फक्त अंधारात दिसेनासं होतं, पुढे उजेडातही. औषध नाही. मी म्हटलं, ‘पण हिनं मार खाल्लाय.’ ती म्हणाली, ‘तशी खूण मला कुठे सापडली नाही. मला एवढंच दिसतंय, की हात अंगाला लागेपर्यंत तो हिला दिसत नाही.’ आजार कधीपासून असेल असं विचारलं. दोन वर्षांची असल्यापासून, फार तर थोडं आधी. मी मनात महिने मोजले, म्हणजे तुझ्याकडे असतानाच. अंधारात हिला कसं सांभाळायचं, तेही तिनं सांगितलं. आवाज करत चला, नाव घेऊन मगच हात लावा, टेबल-खुर्च्या जागच्या हलवू नका. ‘आणि शिकारीच्या सामानाच्या दुकानात अस्वलघंटा मिळते,’ ती म्हणाली, ‘ती कमरेला बांधा. आपण कुठे आहोत ते हिला कळत राहतं.’ मला खुर्ची लागली. तिला वाटलं गुडघा दुखतोय, तिनं पाणी आणून दिलं.

घंटा मी त्याच दिवशी आणली. घरी आले, जिन्यातच ती पट्ट्याला अडकवली आणि दार उघडून आत गेले. नोकी स्वयंपाकघरात होती. दोन वर्षांत ती माझ्याकडे स्वतःहून कधी आलेली नव्हती. मी बोलावलं तर यायची, पोट जमिनीला घासत. त्या दिवशी घंटा ऐकून ती ताठ झाली, अगदी तुझ्याकडे व्हायची तशी. मग धावत आली. धावत, ओइवा. तिची शेपूट दोन्हीकडच्या भिंतींवर आपटत होती. तिनं घंटा हुंगली, माझा हात हुंगला, पुन्हा घंटा हुंगली. मग मला वळसा घालून दाराशी गेली आणि उंबऱ्याच्या फटीला नाक लावून बसली. तासभर बसली होती. मी कोट न काढता तिथेच भिंतीला टेकून होते. तुझी वाट बघत होती ती.

निघताना तू गाडीच्या काचेतून काहीतरी पुढे केलं होतंस ते मला तेव्हा आठवलं. म्हणजे विसरले नव्हतेच, फक्त त्याचा अर्थ मी माझ्या सोयीचा लावला होता. तू घंटा माझ्यापुढे धरली होतीस. मला वाटलं, तू मला टोमणा मारतोयस. ‘तुझी तुलाच लखलाभ’ असं म्हणून मी काच वर केली. तुला डोळ्यांच्या आजाराचं काही ठाऊक नव्हतं, असं मला वाटतं. तुला एवढंच कळलं होतं, की आपण येतोय हे हिला आधी कळलं तर ही भीत नाही. हे तुला कुठून कळलं, ते मी विचारायला नको. मी सोळाव्या वर्षी शिकायला शहरात निघून गेले. तू नऊ वर्षांचा होतास, त्या घरात मागे राहिलास. बाबा घरात फेल्टचे बूट घालायचे. कोठीतून कधी निघाले आणि आपल्या मागे कधी येऊन उभे राहिले, ते पाठीत रट्टा बसेपर्यंत कळायचं नाही. सुट्टीला आले की तू जेवताना भिंतीला पाठ लावून बसलेला दिसायचास. मी ते पाहिलं आणि सुट्टी संपल्यावर परत गेले.

सध्या घरात असं आहे. प्रत्येक दारापुढे वेगळी चटई, एक काथ्याची, एक चिंध्यांची, एक रबरी. आउलिसनं नोकीच्या नाकाच्या उंचीवर चौकटींना होड्यांना लावतात ते डांबर फासून दिलं, त्या वासानं तिला दार सापडतं. माझं घर होडीसारखं वास मारतंय आणि समितीनं त्याचीही चौकशी केली. जिन्यातला माझा कागद मी फाडला आणि नवा लावला, ‘कृपया आवाज करत चला, जमल्यास बोला’. पहिल्यापेक्षा हा पाळणं लोकांना अवघड गेलं. चौथ्या मजल्यावरच्या बाई अकरा वर्षांत माझ्याशी बोलल्या नव्हत्या, त्या आता जिन्यातून हवामान सांगत उतरतात. आउलिस खोकतो, गरज नसताना. त्या चाव्यानंतर एकही तक्रार नाही. समितीच्या अध्यक्षानं परवा नोकीला हाक मारून मगच हात लावला, तेव्हा बैठकीतून ती सुटेल असं वाटतंय. घंटा मात्र मी दुसऱ्याच दिवशी काढून कपाटात ठेवली. ती वाजली की तिला तू आठवतोस आणि दार उघडून मीच आत येते, हे मला बघवेना. मी चाव्यांचा जुडगा लावते. आता त्या आवाजाला ती शेपूट हलवते, जरा बेतानंच.

गेल्या शनिवारी अंगण झाडायचा दिवस होता. दर वसंतात सगळे मिळून हिवाळ्याची वाळू आणि पाचोळा गोळा करतो, मग सॉसेज भाजून कॉफी घेतो. कॉफीच्या वेळी मी उभी राहिले आणि म्हटलं, की माझ्या भावानं कुत्रीला मारलं नव्हतं, मी तुम्हा सगळ्यांना खोटं सांगितलं, ते मलाही तेव्हा खरं वाटत होतं. सगळ्यांनी आपापल्या कपात बघितलं. कुणीतरी मोहरीची बाटली पुढे सरकवली. घरी येताना जिन्यात आउलिस म्हणाला, ‘आम्हाला सांगून काय उपयोग? आमच्यापैकी कुणाची कुत्री नेलीस तू?’

म्हणून हे पत्र. फोनवर तू गप्प राहिला असतास आणि मी पुन्हा त्या गप्पपणाचा काहीतरी अर्थ लावला असता. ओइवा, मी चुकले. नुसती त्या दुपारी नाही, तो सगळा काळ. तू बाबांवर गेला नाहीस. फेल्टच्या सपाता घालून एका भेदरलेल्या जिवाच्या मागे न वाजता येऊन उभी राहायची ती मी, दोन वर्षं, रोज. मला लाज वाटते, आणि तू क्षमा कर असं मी म्हणत नाही, तुला ते बोलावं लागेल. मला वेगळंच विचारायचंय. डॉक्टरणीनं परवा पुन्हा तपासलं. दिवसाचं दिसणंही जात चाललंय, पाचोळा पडायच्या आत सगळं जाईल म्हणते. तुमच्याकडे या आठवड्यापासून रात्र नाही. जूनभर उजेड मावळणार नाही, आणि तेवढ्या उजेडात तिला अजून माणसाचा चेहरा दिसतो. मी तिला आणते. दोन दिवसांचा रस्ता आहे, मध्ये मुक्काम करेन. तिला ठेवून घ्यायचं की नाही ते तू ठरव. ठेवून घेतलंस तर मी एकटी परत येईन आणि कुरकुर करणार नाही. तू काही लिहू नकोस, बोलूही नकोस. नको असेल तर एक कोरं कार्ड टाक, मला कळेल. कार्ड आलं नाही तर मी १ जूनला निघते, म्हणजे २ तारखेला दुपारपर्यंत पोचेन. त्या दिवशी घंटा बांधून अंगणात उभा राहा. मी गाडी फाटकाबाहेरच थांबवेन आणि दार उघडून देईन. पुढचं तिचं तिला कळेल.

तुझीच,
हेल्का